सायकलवरची सोनेरी अक्षरं

जुन्या सायकलच्या नळीवरची कंपनीची अक्षरं उडून गेली, तर ती पुन्हा उमटवावीत का? आणि उमटवायची तर ब्रशनं की प्रिंटरनं? नारायणगावात, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेच्या एका पेंटरच्या दुकानात या प्रश्नावरून मामा-भाच्यात वाद चालला होता. मी तो शेजारी बसून ऐकला. दोघांनाही आपापलं काम येतं आणि दोघांचाही जीव त्या सायकलीवर आहे, म्हणून तो लिहून ठेवण्यासारखा वाटला.

मामांची हयात ट्रकच्या फळ्या, दुकानांच्या पाट्या आणि तमाशाच्या फडांचे बोर्ड रंगवण्यात गेली. भाचा चाकणला नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की जुन्या सायकली खोलून बसतो. कर्वेनगरचं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय पाहून आल्यापासून त्याचा हा नाद वाढलाय. सायकल मामांच्या वडिलांची, नानांची, म्हणजे भाच्याच्या आजोबांची. काळी हर्क्युलिस, मागं दणकट कॅरियर, पुढं डायनामोचा दिवा. खालच्या नळीवर डाव्या बाजूला कंपनीच्या नावाची तीन अक्षरं धड आहेत. उजवीकडे नुसता काळा रंग, तोही ठिकठिकाणी उडालेला.

मामा : कशाला ती भानगड करतोस? सायकल हितं ठेवून जा. संध्याकाळपर्यंत लिहून देतो.

भाचा : तुम्ही लिहाल ते देखणंच होईल, मामा. पण ते तुमचं अक्षर होईल. या सायकलवर कुठल्या पेंटरनं कधी ब्रश लावलेलाच नाही. ही अक्षरं छापील होती.

मामा : छापील? गोल नळीवर कोण छापणार रं?

भाचा : नळीवर नाही, कागदावर छापायचे. कागदावर आधी गोंदाचा थर, त्यावर छपाई, वर वार्निश. कागद पाण्यात टाकला की गोंद सुटतो, अक्षरांचा पापुद्रा कागदावरून सरकतो आणि नळीवर बसतो. सायकलवाले त्याला ट्रान्स्फर म्हणायचे. त्याच्या आधीची रीत उलटी होती. चित्राला वार्निश लावून ते नळीवर पालथं चिकटवायचं आणि वाळल्यावर मागचा कागद भिजवून सोलून काढायचा. कशीही घ्या, अक्षर यायचं छापखान्यातूनच.

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. असे कागद शिळाछपाईनं छापत, दर रंगाला वेगळा दगड. आपल्याकडे ही विद्या नवी नव्हती. राजा रविवर्म्यानं 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरांत लागलेल्या लक्ष्मी-सरस्वती तिथं अशाच एकेक रंग चढवत छापल्या जात. ट्रान्स्फरमध्ये त्यावर आणखी दोन गोष्टी येत : काळ्या रंगावर उठून दिसावं म्हणून खाली पांढऱ्याचा थर आणि सोनेरीसाठी ब्राँझची पूड. हर्क्युलिस मूळची बर्मिंगहॅमची. आपल्याकडे 1949मध्ये मद्रासला टीआय सायकल्स कंपनी निघाली आणि अंबत्तूरच्या कारखान्यातून याच नावाच्या सायकली गावोगाव गेल्या. त्या सगळ्यांवरची अक्षरं एकसारखी होती, कारण ती एकाच साच्यातली होती. हातानं केलेलं ते अस्सल आणि यंत्रानं केलेलं ते नकली, हा आपला सवयीचा हिशोब या जागी चुकतो. मामांनी ब्रशनं लिहिलेलं ‘हर्क्युलिस’ कितीही सुरेख असलं, तरी मूळ वस्तूपासून ते छापलेल्या अक्षरापेक्षा जास्त लांब असेल.

मामांना मात्र ‘छापील’ हा शब्दच बोचतो, आणि का बोचतो हे या गावात समजावून सांगावं लागत नाही.

मामा : मशिनचं कवतिक मला नको सांगू. फ्लेक्स आलं आणि किती पेंटरांनी ब्रश धुऊन ठेवून दिले. पाडव्याच्या तोंडावर हितं फडांच्या राहुट्या पडायच्या, तवा रात्र रात्र बोर्ड लिहायचो आम्ही. गावोगावची यात्रा कमिटी सुपारी द्यायला यायची. राहुटीत पाऊल ठेवायच्या आधी मंडळी बोर्ड वाचायची. अक्षर ठसठशीत असलं की फडाचा रुबाब वाढायचा. आता एका रात्रीत फ्लेक्स येतं, दोन पावसात फाटतं.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. तमाशा कलावंत विठाबाईंनी या गावाचं नाव आडनावासारखं लावलं, आणि आज तमाशासाठीचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं दिला जातो. अशा गावात बोर्डावरचं अक्षर हा पोटापाण्याचा आणि मानाचा, दोन्हींचा विषय होता. मामांचा राग मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो या सायकलवर काढू नये, एवढंच.

भाचा : फ्लेक्सनं तुमचं काम नेलं, ते खरंच आहे. पण हे काम पेंटरचं कधी नव्हतंच, त्यामुळं मी तुमचं काही हिसकावत नाही. आणि एक विचारू? फडाचा बोर्ड तुम्ही दरसाल नवा रंगवायचात. जुनाच राहू द्या, असं कोणी म्हणालं का? मग सायकल नवी केली तर तुम्हाला का लागतं?

मामा : फड चालू व्हता म्हणून बोर्ड नवा व्हता. ही सायकल आता दूध घालायला जाणार हाय का? नाना चौकटीत बाजरीचं पोतं अडकवून गिरणीला न्यायचे. वैरणीचा भारा आणायचे. उजव्या अंगाची अक्षरं त्या पोत्यांनी खाल्लीत. ते घासलेलं हाय ना, ते नानांचं हाय. तू त्याच्यावर चकचकीत काळा मारणार आणि वर नवं स्टिकर लावणार. मग नानांचं राहिलं काय? लोखंड?

यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. या वादात मामांचं सगळ्यांत भक्कम बोलणं हेच, असं मला वाटतं. शिलाई मशीनचंही असंच असतं. काळ्या सिंगरच्या पाटावरची सोनेरी नक्षी जिथून कापड सरकतं नेमकी तिथंच झिजलेली असते, आणि बाईच्या हाताखालून किती कापड गेलं याची ती एकमेव नोंद असते. ती नोंद पुसून नवी नक्षी बसवणारे आणि वर ‘मशीन नवी केली’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. मला ते पटत नाही.

भाच्याचा बेत मात्र मामांना वाटला तेवढा आडदांड नव्हता. त्यानं पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला. डाव्या बाजूच्या तीन अक्षरांवर तो गुंडाळून, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं त्यानं छाप उठवलेला होता. राहिलेली अक्षरं मंचरच्या एका जुन्या सायकल दुकानात त्याच जातीच्या सायकलवरून घेतलेली.

मामा : फोटो का नाय काढला मोबाइलनं?

भाचा : नळी गोल आहे ना. एक इंच एक सूत व्यास, म्हणजे 28.6 मिलिमीटर, आणि घेर साधारण 90. समोरून फोटो काढला की अक्षराची वरची-खालची कड नळीच्या वळणात जाते आणि अक्षर बुटकं दिसतं. त्या फोटोवरून छापलं तर नळीवर ते चेपल्यासारखं बसेल. कागद गुंडाळून घेतलेला छाप उलगडला की खरी उंची मिळते.

हा छाप त्यानं 600 डीपीआयला स्कॅन केला आणि इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक अक्षराची कड नव्यानं आखली. हे काम चिवट आहे. झिजलेल्या कडेचे खाचखळगे जसेच्या तसे गिरवले तर नवं अक्षर आजारी दिसतं. फार गुळगुळीत केलं तर आजच्या कॉम्प्युटरच्या फॉन्टसारखं कोरडं होतं. शेवटच्या ‘एस’चं पोट वरच्यापेक्षा खाली जरा मोठं आहे. भाच्यानं ते तसंच ठेवलं होतं. मामांनी चष्मा वर करून ते बघितलं आणि बोट ठेवलं, “हे बरोबर केलंस. वरचं पोट मोठं झालं असतं तर अक्षर तोंडावर पडलं असतं.” त्या क्षणापासून वादाचा सूर उतरला.

मामा : आता हे रेडियमवाल्याकडून का नाय कापून घेत? नंबरप्लेटवाला अर्ध्या तासात देईल.

भाचा : रेडियम जाड असतं. कडेवरून नख फिरवलं की अडतं, तिथं धूळ बसते आणि वर्षभरात कड काळी होते. शिवाय त्यात बारीक रेघ, सावली, दोन रंगांची कड येत नाही. ट्रान्स्फरचा पापुद्रा इतका पातळ असतो की वर क्लिअर मारून 2000 नंबरच्या वॉटर पेपरनं घासलं की कड हाताला लागतच नाही.

घरच्या इंकजेट प्रिंटरवर चालणारा हा कागद ‘वॉटरस्लाइड डेकल पेपर’ या नावानं ऑनलाइन मिळतो. तो पारदर्शकही येतो आणि पांढराही. छपाई गुळगुळीत बाजूवर आणि सुलटी करायची. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून आकार 100 टक्के ठेवायचा, नाहीतर सगळं मोजमाप वाया जातं. आधी साध्या कागदावर छापून, कापून, नळीवर गुंडाळून बघायचं. इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी, आणि हा कागद तर पाण्यातच बुडवायचा. म्हणून छपाई पूर्ण वाळली की वर क्लिअर लॅकरच्या स्प्रेचे दोन-तीन हात द्यायचे, मध्ये प्रत्येक हात वाळू द्यायचा. पहिला हात अगदी धुक्यासारखा हवा. तो ओला पडला की शाई पसरलीच. लेझर प्रिंटरच्या टोनरला ही भीती नसते, पण घरोघरी असतो तो इंकजेटच.

हवामानाचंही बघावं लागतं. आषाढ-श्रावणात दमट हवेत लॅकर मारलं तर वाळताना ते पांढुरकं पडतं. चैत्रातल्या भर दुपारी मारलं तर फवारा हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उन्हाळ्यातली सकाळ बरी. हे मामांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच भाच्याला सांगितलं.

मग भाच्यानं एका भंगारातल्या मडगार्डवर करून दाखवलं. अक्षरांच्या कडेला अगदी लागून कागद कापला आणि कोमट पाण्यात सोडला. कागद आधी वळला, मग आपोआप सपाट झाला. मिनिटभरानं त्यानं तो बाहेर काढला, मडगार्डवर थोडं पाणी लावलं, कागद तिथं टेकवला आणि अंगठ्यानं पापुद्रा हलकेच पुढं ढकलला. अक्षरं कागदावरून निसटली आणि पत्र्यावर तरंगत राहिली. ती डावी-उजवीकडं सरकवून जागेवर आणायला सवड मिळते, हा या पद्धतीचा मोठा गुण. जागा ठरली की मधून कडेकडं सुती फडक्यानं पाणी दाबत काढायचं. पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा असतो, घाई केली की सुरकुततो. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं खाली पांढरे डाग राहू शकतात, म्हणून पाणी पिण्याच्या फिल्टरचं घ्यावं. आणि खालचा रंग चकचकीतच हवा. खरबरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि तिथं चंदेरी चट्टे दिसतात.

मडगार्डवर अक्षरं बसली. मामा जवळ गेले.

मामा : सोनेरी कुठं हाय? हे तर काळ्यात काळं झालं.

भाचा : तिथंच अडलंय, मामा. म्हणून तर तुमच्याकडं आलो.

प्रिंटरमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढ्याच शाया असतात. पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे न छापलेला कागद. सोनेरी तर नाहीच. पारदर्शक पापुद्र्यावर छापलेला पिवळा काळ्या नळीवर नाहीसा होतो. पांढरा कागद वापरला तर पिवळा दिसतो, पण तो हळदीचा पिवळा, धातूची चमक नाही. आणि कापताना कडेला जरासं पांढरं राहिलं तरी काळ्यावर ते ओरडतं. छापखान्यात ब्राँझची पूड वेगळी चढवत, ती जागा इंकजेटला भरता येत नाही.

मामा : मग असं सांग की आधी. ब्राँझ पावडर हाय माझ्याकडं, फिकी आणि गडद दोन्ही. तुझ्याच आखणीवरून मास्किंग टेप कापू, नळीवर अक्षरापुरती सोनेरी लावू, कडेनं केसभर आत ठेवून. वर तुझी काळी-तांबडी कड आली की माझी कड झाकली जाईल.

भाचा : आणि पापुद्रा वर आला की ब्राँझ हवेपासूनही वाचेल. ती तांबं-जस्ताची असते, उघडी राहिली की काळवंडते.

मामा : ते मला सांगतोस व्हय? देवळाच्या कळसाखालच्या पाट्या कोण लिहितं मग?

सायकलच्या मडगार्डवरच्या मधल्या रेघेवरून पुन्हा थोडी चकमक झाली. भाच्याला ती रेघही छापायची होती. तिथं मात्र मामा ऐकेनात, आणि ऐकू नये असंच माझंही मत आहे. चेन्नईला रॉयल एनफिल्डच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानंच ओढतात, हे भाच्यालाही ठाऊक होतं. लांब केसांचा लायनर ब्रश, करंगळीचा टेकू आणि एका दमात ओढलेली रेघ. तिची जाडी सुरुवातीला नि शेवटी जराशी बदलते, तेवढ्यावरून ती ओळखू येते. छापलेली रेघ तिच्या जागी मेल्यासारखी दिसते.

शेवटी पंचाईत राहिली ती मूळ प्रश्नाची : नानांच्या अक्षरांचं काय करायचं?

मामा : डाव्या अंगाला हात लावायचा नाय. तीन तर तीन अक्षरं राहू दे.

भाचा : आणि उजव्या अंगाला?

मामा : तिथं काय उरलंच नाय. तिथं कर तुझी हौस. पण सगळी सायकल रंगवायची नाय. उडालेला रंग तेवढाच भर, तोही दिसला तर दिसू दे.

भाचा : डावीकडं साबणाच्या पाण्यानं पुसून मेण लावतो. थिनर जवळपासही आणणार नाही.

माझ्या मते निवाडा हाच योग्य. जिथं मूळ अक्षर शिल्लक आहे तिथं नवं येता कामा नये, वरही नाही आणि शेजारीही नाही. जिथं काहीच नाही तिथं छापावं, कारण रिकामी काळी नळी हीदेखील काही नानांची आठवण नव्हे, ती नुसती पोकळी आहे. मामांना हे मान्य करायला वेळ लागला. भाच्याला पहिलं मान्य करायला लागला तेवढाच.

पण मामांची शेवटची शंका अजून बाकी होती, आणि ती सायकलपुरती नव्हती.

मामा : उद्या हीच अक्षरं कोणी भंगारातल्या कुठल्याही सांगाड्यावर चिकटवेल आणि पुण्याच्या जुन्या बाजारात नेऊन ‘ओरिजिनल हर्क्युलिस’ म्हणून विकेल. मग?

भाचा : विकणारा रेडियम लावूनही विकेल.

मामा : त्याला रेडियम वळखू येतं. तुझं वळखू येणार नाय. चांगलं केलंस, त्याचाच घोळ हाय.

या प्रश्नाला ‘सगळेच करतात’ हे उत्तर नाही. दुसऱ्याचं नोंदणी केलेलं चिन्ह खोटेपणानं मालावर लावून विकणं 1999च्या ट्रेड मार्क्स कायद्यानं गुन्हा आहे, आणि हर्क्युलिस हे नाव आजही चालू आहे. आपल्या आजोबांच्या, मुळातच हर्क्युलिस असलेल्या सायकलवर तेच नाव परत आणणं वेगळं आणि तीच अक्षरं छापून विकायला मांडणं वेगळं. भाच्यानं तोडगा काढला तो मला आवडला. अक्षरांच्या खाली, नळीच्या पोटाकडच्या बाजूला, त्याच पापुद्र्यात बारीक टाइपात ‘नव्यानं छापलं’ असं लिहून साल घालायचं. सायकल उभी असताना ते दिसत नाही, पण कोणी वाकून बघितलं तर सापडतं. मामा म्हणाले, “आणि खाली माझं नाव पण टाक, सोनेरी माझी हाय.” ते टाकायचं ठरलं.

एवढं केल्यावरही काम चुकतं ते शेवटच्या क्लिअरला, म्हणून सांगून ठेवतो. पापुद्रा निदान एक रात्र वाळू द्यावा. मग क्लिअरचे पहिले हात विरळ आणि लांबून मारावेत. एकदम ओला हात मारला तर त्यातलं थिनर पापुद्रा मऊ करतं आणि सगळी अक्षरं आकसतात. मोटारसायकलच्या टाकीवर काम असेल तर साधं लॅकर पेट्रोलपुढं टिकत नाही, तिथं हार्डनर मिसळायचं टू-के क्लिअर लागतं. ते मास्क लावून, मोकळ्या जागेत आणि जमल्यास गॅरेजवाल्याकडूनच मारून घ्यावं. घरगुती इंकजेटच्या बहुतेक रंगीत शाया उन्हात फिकटतात, त्यामुळं अशी सायकल अंगणात नव्हे, पडवीत ठेवावी.

ज्यांच्या घरी जुनी सायकल, शिलाई मशीन, पेटी किंवा इंजिन पडून आहे, त्यांना एवढीच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत त्यावर रॉकेलचा बोळा फिरवण्याआधी उरलेल्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवा, मऊ पेन्सिलीनं छाप घ्या, अक्षरं जोडापासून किती अंतरावर आहेत ते पट्टीनं मोजा. त्याच कागदावर वस्तूचा नंबर, ती कोणाची आणि आजची तारीख लिहा. कागद घडी न घालता सुरळी करून ठेवा. प्रिंटर आणि पेंटर नंतर केव्हाही शोधता येतील.